मिठाबायच्या काचेतलं पाणी

सन्माननीय व्यासपीठ, ‘मिठाबाय इंजिन जतन मंडळा’चे अध्यक्ष आदरणीय बाबाजी गुरुजी, आंबेखारच्या सरपंच प्राप्तीताई, मंडळाच्या सचिव नेत्राताई, आजचे सत्कारमूर्ती आणि माझे गुरू श्री. हिरामण नागू घरत, त्यांच्या शेजारी पदर सावरून बसलेल्या गोदूकाकी, समोरचे देणगीदार, रविवारचे सगळे सहकारी आणि रेवदंड्याहून तीन रिक्षा करून आलेली पाहुणे मंडळी, सर्वांना माझा नमस्कार.

दिनांक १२ ऑक्टोबर २०२४, शनिवार, दसरा. सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे. मी मिठाबायच्या केबिनमध्ये उकिडवा बसून पाण्याची काच पुसत होतो.

निरोपाच्या भाषणाची सुरुवात कोणी अशी तारखेने करतं का? नाही करत. नेत्राताईंनी तपासून दिलेलं भाषण घरी टेबलावर आहे. ते चांगलं आहे, त्यात कृतज्ञता चार वेळा आहे. मी मात्र आज पहाटे लिहिलेलं दुसरं वाचतो आहे. नेत्राताई, तुम्ही माझ्याकडे बघता आहात ते मला दिसतंय. मला वीस मिनिटं द्या, मग काय ती कारवाई करा.

पाहुण्यांसाठी थोडं सांगतो. मिठाबाय म्हणजे आमचं वाफेचं इंजिन. मिठागरांतून जुन्या धक्क्यापर्यंत मिठाचे डबे ओढायला ते आणलं होतं. मिठागराचा धंदा बसला आणि ते करंजाच्या झाडाखाली उभं राहिलं, ते पन्नासहून जास्त वर्षं. झाड केबिनच्या छपरातून वर आलं. शेळ्या सावलीला बसायच्या. बाबाजी गुरुजींनी शाळेतून निवृत्त झाल्यावर दर रविवारी चार माणसं जमवायला सुरुवात केली. गंज खरवडायचा, नळ्या काढायच्या, रूळ शोधून काढायचे. लोक म्हणायचे, “भंगारवाल्याला दिलं असतं तर देवळाला कळस झाला असता.” आज दरवाजा उघडा ठेवला आहे, म्हणून वाफेचा आवाज तुम्हाला इथे ऐकू येतो आहे. तो त्याच भंगाराचा.

पण गंज काढणं वेगळं आणि बॉयलर पेटवणं वेगळं. ती विद्या गावात एकाच माणसाकडे होती. हिरामणकाकांनी मुंबईच्या गिरणीत एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला. पहिल्या रविवारी त्यांनी इंजिनाभोवती एक फेरी मारली, खिळ्याने पत्र्यावर टकटक केली आणि गुरुजींना म्हणाले, “म्हातारी हाय, पन मेलेली न्हाय.”

मी तेव्हा कोण होतो? दहावीला दोनदा बसलो, दोनदा गणितात राहिलो. नागावच्या एका होमस्टेमध्ये पाहुण्यांची नावं वहीत लिहायचो, आजही लिहितो. अक्षर चांगलं आणि ऱ्हस्व-दीर्घ बरोबर, एवढंच माझं भांडवल. त्या भांडवलावर काकांनी मला इंजिनाची नोंदवही दिली. बॉयलर पेटवण्याआधी काय काय तपासायचं याचे चौदा मुद्दे त्यांनी तोंडी सांगितले, मी लिहून घेतले. काकांना वाचायला फारसं येत नाही. ते पानावरून बोट फिरवून म्हणायचे, “तुजा अक्षर बघला का मना झोप लागतं.” भट्टीत कोळसा टाकणारा आमचा रघू म्हणायचा, “आमाला पन लागतं काका, वाचाला घेतला का.”

रघू, हसून घे. पुढे हसण्यासारखं फार नाही.

चौदांपैकी चौथा मुद्दा पाण्याच्या काचेचा. बॉयलरमध्ये किती पाणी आहे हे आतून दिसत नाही, म्हणून बाहेर एक काचेची उभी नळी असते. तिला वर एक कॉक आणि खाली एक कॉक. दोन्ही उघडे असले की बॉयलरमध्ये जेवढं पाणी तेवढंच काचेत. दोन्ही बंद केले तर काचेत अडकलेलं पाणी तिथेच राहतं, मग बॉयलर रिकामा का होईना. म्हणून भट्टी पेटवण्याआधी खालची तोटी उघडून काच रिकामी करायची आणि ती पुन्हा भरते का ते बघायचं. काका याला ‘काच इचारणे’ म्हणत. “काच खोटा बोलतं रं. तिला रोज इचाराचा.”

आता दसऱ्याच्या सकाळी येतो. दुसऱ्या दिवशी, रविवारी, आमची मोठी चाचणी होती आणि त्यानंतरच्या आठवड्यात बॉयलरचे निरीक्षक येणार होते. दसऱ्याला आपण हत्यारं पुजतो. मिठाबायलाही झेंडूची माळ, हळद, कुंकू, आंब्याचा टहाळा. मी काचेखालच्या पितळी पट्टीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. ते खरंच सुबक आलं होतं. पण काचेच्या खालच्या सांध्यातून थेंब गळत होता. प्रत्येक थेंबाला कुंकू ओघळत होतं. मी दोनदा पुसून पुन्हा काढलं. तिसऱ्यांदा मी दोन्ही कॉक बंद केले.

थेंब थांबला. स्वस्तिक राहिलं. काचेत पाणी बरोबर अर्ध्यावर उभं राहिलं.

पूजा झाल्यावर उघडायचं, असं मी ठरवलं होतं. नारळ फुटला, पेढे वाटले आणि मी केबिनमध्ये चढायला पाय उचलला, तेवढ्यात गुरुजी म्हणाले, “सुजित, पुजलेल्या हत्याराला आज हात नाही लावायचा.” गुरुजी, तुमचं काही चुकलं नाही. माझ्या घरी आजोबा दसऱ्याला कोयत्यालाही हात लावत नसत. मी त्याच वेळी म्हणू शकलो असतो, “गुरुजी, कॉक बंद राहिलेत.” एक वाक्य. पण सगळे टोप्या घालून उभे होते, फोटो चालले होते आणि मला वाटलं, उद्या सकाळी बघू.

त्या संध्याकाळी मी घरी नोंदवही काढली. सकाळी कोळशाचे हात लागून पान खराब होतं, ही माझी नेहमीची तक्रार. निरीक्षक वही बघणार होते. तेव्हा मी रविवारचं पान शनिवारीच लिहून टाकलं. चौदाच्या चौदा मुद्दे. चौथ्यापुढे लिहिलं: ‘काच रिकामी करून तपासली. योग्य.’ खाली तारीख उद्याची.

मंडळी, ज्या माणसाला वेलांटी चुकली तर जेवण जात नाही, तो न केलेल्या कामापुढे ‘योग्य’ लिहितो. याला काय म्हणायचं?

रविवारी पहाटे रघूने भट्टी पेटवली. काका सातला आले. काकीने दिलेला डबा खुंटीला लावला आणि नेहमीसारखं विचारलं, “काच इचारली कं?” मी वही पुढे केली. म्हणालो, “हो काका, लिहिलंय.” काकांनी पानावरून बोट फिरवलं.

नऊच्या सुमारास वाफ आली. मिठाबाय पन्नास वर्षांनी हलली. शेडपासून वडापर्यंत पुढे, वडापासून शेडपर्यंत मागे. पोरं बाजूने पळत होती. गोदूकाकींनी रुळावर पाणी ओवाळून टाकलं. तिसऱ्या फेरीला काका काचेकडे बघत थांबले. म्हणाले, “आज पानी हालत न्हाय कं रं?” चालत्या इंजिनात काचेतलं पाणी थरथरतं. त्या दिवशी ते चित्रासारखं स्थिर होतं.

मला त्या क्षणी आठवलं. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. विसरलो होतो असं म्हणून सुटता येईल, पण मला आठवलं. कॉक माझ्या हातापासून दोन फुटांवर होते. पण समोर सरपंच, पाहुणे, मोबाईल धरलेले शंभर हात, आणि वहीत ‘योग्य’ लिहिलेलं. मी म्हणालो, “सांध्यात नवीन पॅकिंग आहे काका, म्हणून.”

काका म्हणाले, “आसंल.”

का म्हणाले असतील? मी खोटं लिहीन हे त्यांच्या डोक्यातच येऊ शकत नव्हतं.

मी स्वतःला सांगितलं, ही फेरी संपली की गुपचूप उघडतो. ती फेरी संपली, लगेच पुढची सुरू झाली, आणि पाचव्या फेरीला भट्टीच्या छतातली शिशाची गुल्ली वितळली. ती त्यासाठीच असते. पाणी छताच्या खाली गेलं की ती वितळते आणि वाफ भट्टीत घुसून आग विझवते, म्हणून बॉयलर फुटत नाही. आवाज असा झाला की वडावरचे सगळे कावळे उठले. भट्टीच्या दारातून वाफ आणि निखारे बाहेर आले. काकांनी डाव्या हाताने रघूला मानेला धरून खाली फेकलं, उजव्या हाताने दार लोटलं. त्यांचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला.

रघूने पुढचं पाहिलं नाही, तो खाली पडला होता. मी पाहिलं. काकांनी काचेकडे पाहिलं. तिथे पाणी अजून अर्ध्यावर होतं, शांत. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि त्याच भाजलेल्या हाताने त्यांनी दोन्ही कॉक उघडले. काचेतलं पाणी सर्रकन खाली गेलं. काच रिकामी झाली.

याचा अर्थ कळला का? कॉक बंद सापडले असते, तर कोणी बंद केले हे विचारलं गेलं असतं. उघडे कॉक आणि रिकामी काच सापडली, तर अर्थ एकच: चालवणाऱ्याने बघितलं नाही.

पुण्याहून जाणकार आले. त्यांनी काच पाहिली, वही पाहिली. वही पाहून म्हणाले, “नोंदी मात्र आदर्श आहेत.” काकांना विचारलं, तेव्हा हाताला फडकं बांधलेले काका म्हणाले, “माजाच डोला चुकला. पोरांना नका इचारू.”

काका, हात करू नका. मी बसणार नाही. पंधरा महिने बसलोच होतो.

मंडळाची बैठक झाली. ठराव झाला: ‘वयाची पासष्ट वर्षे पूर्ण केलेल्या सदस्याने इंजिनावर उभे राहू नये.’ सूचक, अनुमोदक, सर्वानुमते. त्या वयाचा एकच सदस्य होता. ठराव इतिवृत्तात कोणी लिहिला? ज्याचं अक्षर चांगलं, त्याने. मी घरी जाऊन तो पुन्हा वाचला. एकही चूक नव्हती.

मग गाव काकांच्या डोळ्यांच्या मागे लागलं. नाक्यावरची पोरं म्हणायची, “काका, येस्टी आली, दिसतं कं? का आमी सांगू?” काका हसायचे. मंडळाला काळजी वाटली म्हणून त्यांना अलिबागला नेत्रशिबिरात पाठवलं. सोबत कोण? मीच. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, “काका, लांबचं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं दिसतं.” आम्ही बाहेर आलो. मंडळाने चष्म्याचे पैसे माझ्याकडे दिले होते. दुकानात चष्मेवाल्याने नंबर विचारला. काका म्हणाले, “बिननंबरी दे. वारा लागतं डोल्यांना.” रस्त्याने परत येताना मला म्हणाले, “गावात सांग, थोडा मोतीबिंदू हाय म्हनून. लोकांचा समाधान होतं.” आणि मी सांगितलं.

हे काकांच्या नाकावर आहे ना, ती साधी काच आहे. काका, कृपा करून तो चष्मा काढा. गोदूकाकी, तुम्ही काढा. तुम्हालाही काकांनी मोतीबिंदूच सांगितलं होतं, हे मला ठाऊक आहे.

त्यानंतर मी बॉयलर चालवण्याच्या परीक्षेला बसलो. शिकवणी कोणी घेतली? काकांनी. आठ महिने रोज संध्याकाळी त्यांच्या ओटीवर. मी प्रश्न वाचायचा, त्यांनी उत्तर सांगायचं, मी लिहायचं. एका संध्याकाळी पुस्तक बाजूला ठेवून त्यांनीच प्रश्न घातला. “काचेतला पानी हालत न्हाय. मंग काय समजाचा?” मी उत्तर दिलं. कॉक बंद आहेत असं समजावं, लगेच काच तपासावी, शंका असल्यास आग काढावी. काका बाहेरच्या सुपारीकडे बघत राहिले. म्हणाले, “बरोबर हाय. परीक्षेला आला तं आसाच लिव.” मी तेव्हा त्यांचे पाय धरायला हवे होते. मी म्हणालो, “हो काका,” आणि पुढचं पान उलटलं. तो प्रश्न परीक्षेत खरंच आला. मी पास झालो.

तुम्ही विचाराल, पंधरा महिने का गप्प राहिलास? मी स्वतःलाही विचारतो. इंजिनाची शेड ही पहिली जागा होती जिथे मला कोणी नापास म्हटलं नव्हतं. ती जाईल, ही भीती. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर एक चूक सांगायची होती. आठवड्याने सांगितलं असतं तर चूक आणि आठवड्याचं खोटं. मग ते असं वाढत गेलं की त्याच्या पुढे उभं राहायची माझी छाती होईना. मी रोज ठरवायचो आणि रोज काकाच समोरून विचारायचे, “जेवलास कं?”

आता आजचं. काका-काकी उद्या बदलापूरला रश्मीताईंकडे कायमचे राहायला जाणार. आपण सगळे म्हणतो, लेकीने बोलावलं, बरं झालं. गेल्या रविवारी मी निमंत्रण द्यायला गेलो, तेव्हा काका घरात नव्हते. गोदूकाकी भांडी घासत होत्या. त्या म्हणाल्या, “तुमचा इंजिन शिट्टी मारतं तवा हा मानूस परसात जाऊन बसतं. यांच्या डोल्यांनी घात केला नसता, तं आमी कनाला जातो गाव सोडून?”

यांच्या डोळ्यांनी. काकीसुद्धा तेच मानत होत्या.

नेत्राताईंनी मला मानपत्राचा मजकूर दिला होता. त्यात सातवं वाक्य असं होतं: ‘वाढत्या वयामुळे दृष्टी मंदावल्याने त्यांनी स्वेच्छेने इंजिनावरील सेवा थांबवली.’ मी ते जाड कागदावर बोरूने लिहिलं, चौकट करून आणली. आज पहाटे चौकट उघडून मी पुन्हा सगळं मानपत्र लिहिलं. गुरुजी, मंडळाला न विचारता मी हे केलं. त्या टेबलावर झाकलेलं आहे, त्यातलं सातवं वाक्य आता असं आहे: ‘दि. १३ ऑक्टोबर २०२४ रोजीचा अपघात श्री. हिरामण घरत यांच्या नजरचुकीने झाला नाही. पाण्याच्या काचेचे कॉक सुजित अनंत भगत याने बंद ठेवले होते व नोंदवहीत खोटी नोंद केली होती.’ मानपत्रात दुसऱ्याचं नाव येऊ नये हा संकेत मला माहीत आहे. तो मोडला.

गुरुजी, माझी एक विनंती आहे. ती माझ्यासाठी नाही, म्हणून मोठ्या आवाजात करतो. तो पासष्टीचा ठराव आज इथेच मागे घ्या. सगळे सदस्य हजर आहेत. साडेअकराला मिठाबाय धक्क्यापर्यंत पहिली फेरी करणार आणि पत्रिकेत चालक म्हणून माझं नाव छापलं आहे. मी चालवणार नाही. मी आजपासून मंडळाचा सदस्यही राहू नये, हे तुम्ही ठरवाल ते मान्य. बॉयलरचा परवाना असलेला दुसरा माणूस इथे एकच आहे आणि तो तुमच्या उजव्या हाताला बसला आहे. ते उभे राहिले तर इंजिन जाईल. नाही राहिले, तर पाहुण्यांनो, तुमचा खोळंबा माझ्यामुळे झाला असं समजा.

रघू म्हणतो आहे, “काका, चला ना.” काका म्हणतायत, “गप रं, त्याचा भाषन पुरा होऊ दे.”

पुरं करतो. मंडळाने मला बोलायला उभं केलं त्याबद्दल आभार, जरी आता त्यांना पश्चात्ताप होत असेल. शाळेने सभागृह दिलं, त्यांचे आभार. काकांचे आभार मानायची माझी योग्यता नाही, ते मी सोडून देतो. उच्चारात, क्रमात, मानापमानात काही राहिलं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. बाकीच्यासाठी माफी मी काकांकडे आणि काकींकडे मागतो. ती आजच मिळावी असा आग्रह नाही.

शेवटी, पैसे तुमचे होते म्हणून एवढं वाचतो. गुल्ली, भट्टीच्या छताचं काम, नळ्या आणि फेरचाचणी मिळून दुरुस्तीला एक लाख शहाऐंशी हजार चारशे रुपये लागले. त्यापैकी एकतीस हजार ‘एक हितचिंतक’ या नावाच्या पावत्यांनी जमा आहेत. वार्षिक सभेत गुरुजींनी त्या हितचिंतकाचं कौतुक केलं होतं. तो मीच, आणि टाळ्याही मी वाजवल्या होत्या. ते कौतुक परत घ्यावं. मंडळाचं माझ्याकडे येणं एक लाख पंचावन्न हजार चारशे. दरमहा चार हजार देईन. काकांच्या हाताच्या औषधपाण्याचे दोन हजार एकशे चाळीस त्यांनी स्वतः भरले होते. ते पाकीट मी सुरू होण्याआधी काकींना दिलं, कशाचं ते न सांगता. काकी, ते पाकीट त्या औषधांचं आहे. चष्म्याचे साडेचारशे मंडळाने दिले होते, तेही माझ्याच नावावर मांडा.

धन्यवाद.